मेलान्याच्या थडग्यावरची नावे

मेलान्या रोमान्यक दर शनिवारी स्वतःच्या थडग्यावरचे गवत उपटायला जाई. थडगे रिकामे होते, एवढीच काय ती त्यातली सोय.

ब्रेझिन्का गावात यात कुणाला वावगे वाटत नसे. साठी उलटली की तिथली माणसे आपापला दगड आपणच उभा करून घेतात. त्यावर नाव, जन्माचे वर्ष आणि पुढे एक आडवी रेघ कोरतात, आणि रेघेपुढची जागा कोरी ठेवतात. मागच्यांना तोशीस पडू नये, हे कारण उघड सांगतात. आपल्यावर काय लिहावे ते सुनेने ठरवू नये, हे खरे कारण मनात ठेवतात. ईस्टरच्या आधी ही मंडळी बादली आणि घासणी घेऊन टेकडीवर जातात, स्वतःचे नाव घासूनपुसून लख्ख करतात आणि शेजारच्या दगडाच्या मालकाशी ओटच्या पिकाबद्दल बोलत बसतात.

मेलान्याचा दगड मात्र ती सव्वीस वर्षांची असतानाच उभा राहिला. तो तिच्या नवऱ्याने, ओनुफ्रीने, १९५१ साली उभा केला, तेव्हा त्याला स्वतःला तिसावे लागले होते. त्याला मरणाची घाई नव्हती, दिसण्याची होती. तो गावचा शिक्षक होता. शाळेच्या दप्तरात त्याची नेमणूक १९४६ ची आहे आणि पुढे ‘रशियन भाषेवर प्रभुत्व’ असा शेरा आहे. हे प्रभुत्व कुणी आणि कसे तपासले, याची नोंद मात्र दप्तरात नाही. त्या काळी कार्पेथियन डोंगरातल्या या गावांत मुले घरी एक बोलत आणि शाळेत त्यांना रशियन शिकवले जाई, कारण घरची बोली रशियनच्या इतकी जवळची होती की ती रशियनच आहे, फक्त अंगाला माती लागलेली, असे शिकलेल्या लोकांचे मत होते. माती झटकण्याचे काम ओनुफ्रीकडे होते.

त्याने टेकडीच्या वाटेवरची, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत भरेल अशी जागा मिळवली. ओढ्यापलीकडच्या खाणीतला वाळूचा दगड आणवला. गावचा पाथरवट हावरिल तेव्हा नुकताच बापाच्या हाताखालून सुटलेला होता. त्याने दगड मोजला तो स्वतःच्या मापाने, म्हणजे बोटे आडवी लावून. जाडी आठ बोटे भरली.

“घरावर पडला तर घर जाईल,” हावरिल म्हणाला. “कुणाला दाबून ठेवायचंय एवढं, गुरुजी?”

दगडावर सुंदर रशियनमध्ये ओनुफ्रीचे नाव आले, बापाच्या नावासकट, जसे तिकडच्या मोठ्या शहरांत लिहितात तसे, आणि खाली ‘शिक्षक’. त्याखाली मेलान्या आली, ‘पत्नी’ म्हणून, आणि तिच्याही नावामागे तिच्या बापाचे नाव शेपटासारखे लावलेले. गावातल्या कुणी तिला जन्मात त्या नावाने हाक मारली नव्हती.

पहिल्याच शनिवारी शेजारच्या थडग्यावरून एकीने विचारले, “अगं मेलान्या, गुरुजींचं आधी एक लग्न झालेलं का? ही व्हासिल्येव्ना कोण?”

“मलाही आत्ताच कळलं,” मेलान्या म्हणाली. “सवत असावी. मेली म्हणावी तर तारीखही नाही घातलेली.”

मेलान्या डोंगरापलीकडच्या गावातून लग्न होऊन आली होती. ब्रेझिन्कात रोमान्यकांची अकरा घरे होती, त्यामुळे आडनावाचा उपयोग फक्त पोस्टमनला चकवण्यापुरता होता. माणसे ओळखली जात ती घराच्या नावाने. ओनुफ्रीच्या आजोबांचा एक बोकड होता. एका ईस्टरला, सगळे गाव टोपल्या मांडून आशीर्वादाची वाट बघत असताना, या बोकडाने थेट पाद्रीबाबांच्या टोपलीत तोंड घालून त्यांचा सणाचा गोड पाव शेवटच्या कणापर्यंत फस्त केला होता. तेव्हापासून ते घर ‘बोकडाकडचे’. मेलान्या पहिल्या दिवशी विहिरीवर गेली तेव्हा बायकांनी तिचे स्वागत “आली का बोकडाकडची नवी सून!” असेच केले, आणि तिला ते आवडले. निदान कुणीतरी तिला जागा दाखवून दिली होती.

ओनुफ्रीला ते नाव जिव्हारी लागे. “हा शब्द या घरात पुन्हा काढायचा नाही,” त्याने तिला बजावले. “आपण सुशिक्षित माणसं आहोत.”

“बोकड सुशिक्षित नव्हता,” मेलान्या म्हणाली, “पण पाद्रीबाबांच्या ताटातलं खाल्लं त्यानं. तुला अजून बाबांनी जेवायला बोलावलेलं नाही.”

दोन वर्षांनी, उन्हाळ्यात, वरून कागद आला. सप्टेंबरपासून त्याच शिक्षकांनी त्याच मुलांना त्याच वर्गात रशियनऐवजी युक्रेनियन शिकवायची होती. शिक्षकांसाठी काही आठवड्यांचा वर्ग भरला. तिथून ओनुफ्री परतला तो नवी वही, नवा उच्चार आणि नवे पूर्वज घेऊन. रशियन पुस्तके माळ्यावर गेली, कांद्यांच्या शेजारी.

“आपण मुळात युक्रेनियनच,” त्याने जेवताना जाहीर केले. “आधीपासून होतोच.”

“मेमध्ये तर रशियन होतो.”

“ते अज्ञान होतं.”

“कुणाचं? शिकवत तर तूच होतास.”

त्याने ताट पुढे केले आणि आणखी पिरोही मागितली, बटाटा आणि मेंढीचे चीज भरून उकडलेली. मागितली ती अर्थात ज्या भाषेत त्याची आई मागत असे त्या भाषेत. याबाबतीत सगळ्या साक्षी जुळतात: त्या घरात साहित्यिक भाषेत मीठसुद्धा कधी मागितले गेले नाही. कोंबड्यांना शिव्या, तापात कण्हणे, शेजाऱ्याशी बांधावरून भांडणे, हे सारे घरच्याच बोलीत चाले. वर्गात मात्र तीच बोली एखाद्या मुलाच्या तोंडून निसटली की त्याला ऊबेच्या भट्टीशेजारच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे राहावे लागे. आधी ही शिक्षा रशियनच्या रक्षणासाठी होती, आता युक्रेनियनच्या. कोपरा बदलण्याचा आदेश वरून आला नव्हता.

दगड बदलायलाच हवा होता. त्या दिवसांत जुन्या भाषेतला दगड वाटेवर उभा असणे बरे दिसत नव्हते. हावरिलने छिन्नी खाली ठेवली.

“गुरुजी, दगड आहे हा. फळा नव्हे, ओल्या फडक्यानं पुसायला.”

“चार-दोन अक्षरांचा तर फरक आहे.”

“चार अक्षरं खोडायची तर सगळा चेहराच घासावा लागतो. खड्डे राहतात.”

त्याने चेहरा घासला. दीड बोट दगड धूळ होऊन ओढ्यात गेला. नवी अक्षरे आली, मेलान्याला नवा शब्द चिकटला, आणि शनिवारी ती पुन्हा एका परक्या बाईच्या थडग्यावरचे गवत उपटू लागली.

गावाला या साऱ्याचा कंटाळा यायला तेरा वर्षे लागली. मुलांना पुढे शहरातल्या कारखान्यांत जायचे होते, तिथे देशाची राज्यभाषा, स्लोव्हाक, लागत होती. घरच्या बोलीची थट्टा होण्यासाठी शाळेची गरज नव्हती, ती रेल्वे स्टेशनवर फुकट होत होती. १९६६ मध्ये पालकांनी शाळा स्लोव्हाक करण्यासाठी अर्ज केला. आपण त्या अर्जावर दबावाखाली सही केली, असे ओनुफ्री पुढे सांगत असे. अर्ज उपलब्ध आहे. सर्वांत वरची सही त्याची आहे, आणि तेवढीच एक चांगल्या शाईतली आहे. त्या वर्षी तो मुख्याध्यापक झाला.

तो हावरिलकडे निघाला तेव्हा मेलान्या पहिल्यांदा आडवी आली. ती दारात उभी राहिली, हाताला पीठ लागलेले.

“या वेळी माझं नाव मी सांगते तसं लिहू दे.”

“कोणत्या भाषेत?”

“मी बोलते त्या.”

ओनुफ्री हसला. वाईट हसला असेही नाही; एखाद्या पहिलीतल्या मुलाने चंद्र मागितल्यावर हसावे तसा हसला. “अगं, ती भाषा नाही. ती सवय आहे.”

ती दारातून बाजूला झाली. ते वाक्य तिने लोणच्यासारखे बरणीत झाकण घट्ट लावून ठेवले. मग लॅटिन अक्षरे आली, आणि स्लोव्हाक रीतीप्रमाणे तिच्या आडनावाला आणखी एक शेपूट फुटले. हावरिलने या वेळी घासायचे नवे फिरते यंत्र वापरले, त्यामुळे काम झटपट झाले आणि दगड अडीच बोटे गेला.

“उरलं चार बोटं,” तो मेलान्याला म्हणाला. “तुझ्या नवऱ्याला सांग, अजून दोनदा मत बदललं तर वाऱ्यानं उडेल.”

तिने सांगितले नाही. तिच्या मनात आता एकच हिशेब होता. आपण मरू तेव्हा हा दगड उभा असेल का, आणि असलाच तर त्याच्यावर आपण असू का? कुमारिका असताना ती एका नावाची होती, सून झाल्यावर दुसऱ्या नावाची झाली. ती दोन्ही नावे तिला पाठ होती. ज्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या बाईसाठी तिने आयुष्यभर गवत उपटले, त्या बायकांची तिला ओळखसुद्धा नव्हती.

१९८९ मध्ये साम्यवादी राज्य गेले तेव्हा ओनुफ्री सहा महिने गप्प राहिला. हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत प्रामाणिक कालखंड म्हणता येईल. मग १९९५ च्या जानेवारीत राजधानीत समारंभपूर्वक जाहीर झाले की डोंगरातल्या या लोकांची बोली ही स्वतंत्र भाषा आहे, रुसिन नावाची, तिला व्याकरण आहे, शब्दकोश आहे आणि एक छापील नियमावलीही आहे. चौऱ्याहत्तर वर्षांचे निवृत्त गुरुजी गावच्या सभागृहात उभे राहिले आणि कापऱ्या आवाजात म्हणाले की ही ज्योत आपण सर्व वादळांतून ओंजळीत जपली. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी निम्मे लोक भट्टीच्या कोपऱ्यात उभे राहिलेले होते.

त्यांतला एक फेदोर शुतर. तो आता नव्या रुसिन मंडळाचा अध्यक्ष होता. सभेनंतर तो मेलान्याजवळ आला.

“काकू, भाषेचं प्रेम मला गुरुजींनीच लावलं.”

“कोपऱ्यात उभं करून?”

“ते दिवस वेगळे होते, काकू.”

“कोपरा तोच होता.”

घरी आल्यावर मेलान्याने तीस वर्षे जपलेली बरणी उघडली. “काय रे, सवयीची भाषा कधी झाली?”

“विज्ञान पुढे जातं,” ओनुफ्री म्हणाला.

आता दगड चौथ्यांदा लिहायचा होता, आणि या वेळी खुद्द घरच्या भाषेत. कुणालाही वाटेल की आता काम सोपे. स्वयंपाकघरात जाऊन कान उघडे ठेवले की झाले. पण ओनुफ्री शिक्षक होता. आपल्याला येणारी भाषा कुणी शिकवल्याशिवाय आपल्याला येते, यावर त्याचा विश्वास बसेना. तो शहरात तीन दिवसांच्या शिबिराला गेला आणि ज्या भाषेत तो सत्तर वर्षे जेवला होता ती शिकून आला. येताना नियमावली आणली. मग चुलीपाशी बसून तो बायकोचे बोलणे तपासू लागला.

“बटाट्याला तू म्हणतेस तो शब्द पुस्तकात नाही. दुसरा आहे.”

“मग पुस्तकाला सांग शिजवायला.”

“अगं, हे आता शास्त्रशुद्ध झालंय.”

“मी सोलते तेव्हा ते बटाटे असतात, ओनुफ्री. पुस्तकात गेल्यावर काय होतात ते तू बघ.”

शरद ऋतूत दगड उपटून गाडीवर घातला आणि हावरिलच्या अंगणात आणला. हावरिलही आता सत्तरीचा होता, छातीत धूळ भरलेली. त्याने चेहरा शेवटचा घासला आणि बोटे लावली. दोन.

“आता एकदाच,” तो म्हणाला. “तेही वरवर. यापुढे या दगडाला छिन्नी दाखवली तरी चिरेल.”

हे ऐकून ओनुफ्री घाबरला. शेवटचे लिहायचे तर ते निर्दोष हवे. ‘शिक्षक’ या शब्दाविषयी त्याला शंका आली. शिबिरात दोन प्राध्यापकांनी दोन वेगळी मते दिली होती. नियमावलीची सुधारित आवृत्ती वसंतात येणार होती. तोवर थांबायचे ठरले. दगड कोऱ्या तोंडाने अंगणात पडून राहिला, त्यावर बर्फ साठला आणि हावरिलच्या कोंबड्या त्यावर उभ्या राहून उन्हे खाऊ लागल्या.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ओनुफ्रीने मेलान्याला विचारले, “कालची पिरोही उरलीय का गं?” तिने होय म्हटले. तो म्हणाला, “मग आलोच,” आणि फाटकापुढचा बर्फ ओढायला बाहेर गेला. तो फावड्यावर ओणवा झाला तो तसाच राहिला. सुधारित आवृत्ती दोन महिन्यांनी आली.

त्याला लाकडी क्रूसाखाली पुरले, तात्पुरते. चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेआधी दगड उभा करायचा असतो. तेवढ्या दिवसांत मेलान्याच्या स्वयंपाकघरात तीन जण येऊन गेले. तिघांनाही तिने आंबवलेल्या कोबीचे सूप वाढले. आधी फेदोर आला, मजकूर टंकून घेऊन: ‘रुसिन मातृभाषेचा निष्ठावंत रक्षक’. मग शहरातल्या युक्रेनियन संघाचा चिटणीस आला. गुरुजींनी तेरा वर्षे त्यांची भाषा शिकवली होती आणि सदस्यत्व कधी सोडल्याचे पत्र नव्हते, तेव्हा गुरुजी आमचेच, असा त्याचा मुद्दा होता. मग एक निवृत्त शाळा-निरीक्षक आला. त्याच्या मते मुख्याध्यापकपद स्लोव्हाक शाळेचे होते, म्हणून दगडावर स्लोव्हाक असणे हाच औचित्याचा भाग होता. तिघांनीही जाताना आपापला कागद टेबलावर ठेवला. तिघांच्याही कागदावर खाली ‘पत्नी मेलान्या’ होती, तीन तऱ्हेने लिहिलेली. ती समोर बसून सूप वाढत होती, पण तिला काय हवे ते कुणी विचारले नाही.

तिघांनाही ती “बघते” एवढेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती हावरिलच्या अंगणात गेली. त्याने कोंबड्या हाकलल्या आणि दगडावरून हात फिरवला.

“कुणाचा कागद आणलास, मेलान्या? नीट विचार कर. चुकलं तर परत घासता येणार नाही.”

“कागद नाही आणला. सांगते, लिही. वर लिही, ‘बोकडाकडची मेलान्या’. त्याखाली, ‘आणि तिचा ओनुफ्री’.”

हावरिल आधी हसला आणि मग इतका खोकला की त्याला दगडावरच बसावे लागले. “गुरुजी उठून बसतील!”

“बसू दे. कुठल्या भाषेत ओरडतो ते तरी कळेल.”

“आणि ‘शिक्षक’?”

“त्याला शेवटपर्यंत लिहिता नाही आला तो शब्द. मी कशाला लिहू?”

हावरिलने डोळे पुसले. “पण खरंच, मेलान्या. आयुष्यभर लाज वाटायची त्याला त्या नावाची. मेल्यावर असं…”

अंगणाच्या टोकाला बर्फ वितळून पाणी ओढ्याकडे चालले होते, त्याच वाटेने, ज्या वाटेने दगडाची सहा बोटे गेली होती. “त्यानं दगड तीनदा खोडला,” ती तिकडे बघत म्हणाली, “पण पिरोही मागायची भाषा एकदाही नाही खोडली. मला जो माहीत होता तो तोच. बाकीचे जे कोण होते, त्यांचं ते तिघं बघून घेतील. आणि हे नाव कुठल्याही सरकारी कागदावर नाही, हावरिल. ज्याला ठाऊकच नाही, तो येऊन बदलणार काय?”

“अक्षरं कुठली?”

“चर्चमधल्या जुन्या प्रार्थनापुस्तकातली. तेवढीच मला धड वाचता येतात.”

चाळिसाव्या दिवशी टेकडीवर सगळे गाव जमले. तीन पुष्पचक्रे आली, तीन रुंद फितींची, प्रत्येकीवर सोनेरी अक्षरांत एकेका भाषेतले दुःख. प्रार्थना संपली, हावरिलने दगडावरची चादर ओढली. मग मागून एक म्हातारी फसकन हसली, तिच्यामागून आणखी एक, आणि पाद्रीबाबांनी, जे त्या ऐतिहासिक टोपलीच्या मालकाचे चौथे वारस होते, छातीवर क्रूस काढण्याच्या निमित्ताने तोंड झाकून घेतले. चिटणीस आणि निरीक्षक, जे आजवर एकमेकांशी बोलत नव्हते, एकाच मोटारीतून परत गेले.

फेदोर मात्र थांबला. तो खरोखर दुखावला होता. त्याने कोटाच्या खिशातून सुधारित नियमावलीची छपाईपूर्व प्रत काढली, पाने चाळली.

“काकू, हा शब्दच यात नाही. घरनाव असं लिहायचा नियमच नाही आपल्या भाषेत.”

“मग घाल. लिहून घे, हळू सांगते.”

“असं नसतं काकू, समिती असते…”

“फेदोर,” मेलान्या म्हणाली, “तुमच्या घराला काय म्हणतात रे?”

फेदोरचे कान लाल झाले. शुतरांच्या घराचे नाव त्याच्या आजीच्या पोटाच्या एका तक्रारीवरून पडले होते आणि ते सर्वांना ठाऊक होते. त्याने नियमावली मिटली, टोपी घातली आणि उतरणीला लागला.

पुढच्या शनिवारी मेलान्या खुरपे घेऊन गेली. पुष्पचक्रे सुकली होती. तिने तिन्ही फिती सोडवून, गुंडाळून पिशवीत टाकल्या. जूनमध्ये घेवड्याच्या वेलांना बांधायला लागणार होत्या. मग ती दगडासमोर उभी राहिली. ओनुफ्रीच्या रेघेपुढे वर्ष भरले होते. तिच्या रेघेपुढे हावरिलने चार आकड्यांची जागा सोडली होती, नीट आखून. तिने दगडाच्या कडेला बोटे लावली, हावरिल लावतो तशी. दोन.

“पुरेल,” ती म्हणाली आणि आपल्या थडग्यावरचे गवत उपटायला खाली बसली.